एंटर दाबण्याआधी

हे पुस्तक कन्सोलच्या मेनूबद्दल आहे. स्विच, राउटर, फायरवॉल किंवा कारखान्यातल्या मशिनला नेटवर्कवर आणणारा छोटा डबा, यांपैकी कशालाही सिरीयल केबल जोडली की लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर अक्षरांची एक यादी उभी राहते. वर यंत्राचं नाव, मधे क्रमांक घातलेले पर्याय, तळाशी कोणती कळ कशासाठी हे सांगणारी एक ओळ. माउस चालत नाही, चित्रं नाहीत, रंगही बहुधा नाहीत. ही यादी वाचायची कशी, तिच्यात फिरायचं कसं आणि हवं ते बदलून सुखरूप बाहेर पडायचं कसं, एवढाच विषय.

एवढ्याशा विषयाला अख्खं पुस्तक लागतं का, हा प्रश्न रास्त आहे. नेटवर्कची बरीचशी कामं आज ब्राउझरमधून होतात. मोठ्या कंपन्यांत तर दूरच्या एका सर्व्हरवरून शेकडो स्विचना एकाच वेळी आज्ञा जातात. पण ब्राउझरला यंत्रापर्यंत पोहोचायचं तर आधी नेटवर्क लागतं. नवा स्विच नुकताच खोक्यातून बाहेर आलाय आणि त्याला अजून आयपी नाही; कुणीतरी भलताच व्हीलॅन लावला आणि अख्ख्या मजल्याचं पिंग बंद पडलं; पासवर्ड माहीत असलेला माणूस नोकरी सोडून गेला. अशा वेळी यंत्राशी बोलायची एकच वाट उरते, ती म्हणजे कन्सोल पोर्ट. नेटवर्क चालू असो की बंद, तिला फरक पडत नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हे काम शिकण्याची आपल्याकडची रीत ठरलेली आहे. सीनियर समोर बसून भराभर कळा दाबतो आणि मागे उभा असलेला नवा मुलगा किंवा मुलगी वहीत उतरवून घेते: ‘दोन, एंटर. एक, एंटर. बाण खाली तीनदा. आयपी मारायचा. एंटर. सेव्ह.’ वही जपून ठेवली जाते, पुढच्या नव्या माणसाला दिली जाते. त्या स्विचवर ती चालतेही. पण फर्मवेअर बदललं, मधे एक पर्याय वाढला किंवा समोर दुसऱ्या कंपनीचा डबा आला की तीच वही घात करते. आयटीआयमधून, पॉलिटेक्निकमधून आलेली हुशार मुलं अशा वेळी पडद्यावर समोर लिहिलेलं असूनही ते वाचत नाहीत, कारण पडदा वाचायचा असतो हेच त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. त्यांना कळांचा क्रम शिकवलेला असतो. हे पुस्तक मी त्या वहीच्या विरोधात लिहिलं आहे.

सबनेट मास्कचंच बघा. आयपी पत्ता ३२ बिटांचा. त्यातला पुढचा किती भाग नेटवर्कचा आणि मागचा किती त्या एका यंत्राचा, हे मास्क सांगतो. गोष्ट एकच, पण वेगवेगळी यंत्रं ती वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारतात. एचपीच्या प्रोकर्व्ह स्विचच्या मेनूत सबनेट मास्कचा रकाना असतो आणि तिथे २५५.२५५.२५५.० असं पूर्ण लिहायचं असतं. पीएफसेन्स या फायरवॉलच्या कन्सोलवर दोन नंबरचा पर्याय घेतला की तो लॅनचा पत्ता विचारतो आणि मग बिटांची संख्या मागतो. तिथे २४ लिहायचं. विचारताना तो तीन उदाहरणंही छापतो: २५५.२५५.२५५.० म्हणजे २४, २५५.२५५.०.० म्हणजे १६, २५५.०.०.० म्हणजे ८. ज्यानं हा पडदा लिहिला त्याला समोरच्या माणसाची काळजी होती.

आता लॅन्ट्रॉनिक्सचा सिरीयल डबा घ्या. वजनकाट्याचा इंडिकेटर, जुनं सीएनसी मशिन, बारकोड वाचणारं यंत्र अशा फक्त सिरीयल पोर्ट असलेल्या गोष्टींना नेटवर्कवर आणायला असे डबे वापरतात. त्याच्या ९९९९ क्रमांकाच्या पोर्टवर टेलनेट करून लगेच एंटर दाबलं की सेटअपचा मेनू येतो. शून्य दाबून सर्व्हरच्या भागात गेलात की आयपीचे चार आकडे एकेक करून विचारले जातात, मग गेटवे हवा का ते, आणि पुढे नेटमास्क. पण इथे मागितलेले बिट नेटवर्कचे नाहीत, होस्टच्या भागाचे आहेत. म्हणजे २५५.२५५.२५५.० साठी इथे ८ लिहायचं. ओळीत तसं स्पष्ट छापलेलं असतं. पीएफसेन्सवर हात बसलेला माणूस मात्र ती ओळ न वाचता २४ ठोकतो. होस्टचे २४ बिट म्हणजे मास्क झाला २५५.०.०.०.

पुढे काय होतं ते सावकाश बघण्यासारखं आहे. डब्याचा पत्ता १०.१.५.२०, गेटवे १०.१.५.१ आणि ज्या सर्व्हरला वजनं पाठवायची तो १०.१.९.४ वर. चुकलेल्या मास्कमुळे १० पासून सुरू होणारा प्रत्येक पत्ता आपल्याच तारेवर आहे, अशी डब्याची समजूत होते. तो गेटवेकडे जातच नाही. १०.१.९.४ कोण आहे, असं आपल्याच तारेवर एआरपीनं ओरडून विचारतो, आणि सर्व्हर राउटरपलीकडे असल्यामुळे उत्तर कुणी देत नाही. तुम्ही लॅपटॉप त्याच स्विचला जोडून पिंग मारता तेव्हा मात्र पिंग छान लागतं. ‘डबा चालू आहे, घोळ सर्व्हरचा आहे,’ असं सांगून माणूस मोकळा होतो. त्यातून राउटरवर प्रॉक्सी एआरपी चालू असेल तर राउटरच सर्व्हरच्या वतीनं उत्तर देतो आणि सगळं सुरळीत चालतं. मग केव्हातरी राउटर बदलला जातो, नव्यावर प्रॉक्सी एआरपी बंद असतं, आणि इतके दिवस चालणारा काटा एकदम बंद पडतो. नव्या राउटरला शिव्या बसतात. मूळ कारण मात्र कधीतरी एका न वाचलेल्या ओळीत पडून असतं.

म्हणून पुस्तकभर एकच गोष्ट मी पुन्हा पुन्हा विचारायला लावणार आहे: हा रकाना नक्की काय मागतोय? मेनू यंत्राचं मन उघडं करून दाखवतो. त्या यंत्राला काय काय बदलता येतं, त्याच्या मते काय आधी आणि काय नंतर, सध्या त्यात काय भरलेलं आहे, हे सगळं पडद्यावर मांडलेलं असतं. कमांड लाइनवर तुम्हाला आधी माहीत असावं लागतं आणि मगच विचारता येतं. मेनूत यंत्रच तुम्हाला विचारतं. शिकणाऱ्यासाठी ही फार मोठी सोय आहे, आणि कळांच्या क्रमाची घोकंपट्टी करून ती आपण वाया घालवतो.

पडदा असा का दिसतो, हेही समजून घ्यायला हवं, कारण निम्म्या अडचणींचं मूळ तिथे आहे. १९७८ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशननं व्हीटी१०० नावाचं टर्मिनल बाजारात आणलं. एक पडदा, एक कळफलक आणि मोठ्या संगणकाकडे जाणारी सिरीयल तार. पडद्यावर ८० रकाने आणि २४ ओळी. पडदा पुसायचा, कर्सर अमुक ओळीत तमुक रकान्यात न्यायचा, अक्षरं उलट्या रंगात दाखवायची, हे सगळं एस्केप या अक्षरानं सुरू होणाऱ्या खुणांनी सांगायचं. या खुणांचं अमेरिकी मानक १९७९ साली झालं आणि पुढे सगळ्यांनी व्हीटी१०० हेच गृहीत धरलं. आज तुमच्या लॅपटॉपवरचं पुट्टी किंवा मिनिकॉम त्याच टर्मिनलचं सोंग घेतं. स्विचला लॅपटॉप वगैरे काही ठाऊक नसतं. तारेच्या दुसऱ्या टोकाला टर्मिनल आहे एवढंच तो धरून चालतो.

ती तारही सावकाश चालणारी. बऱ्याच स्विचचा कन्सोल ९६०० च्या वेगावर ठेवलेला असतो: आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून प्रत्येक अक्षराला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. ८० गुणिले २४ म्हणजे १९२० अक्षरं. पूर्ण भरलेला एक पडदा रंगवायला बरोबर दोन सेकंद. पडद्यावर वरून खाली ओळी उमटताना दिसतात ते यामुळेच. बर्कलीत बिल जॉय यांच्या व्हीआय संपादकातली कर्सर हलवण्याची युक्ती घेऊन केन अर्नोल्ड यांनी कर्सेस ही लायब्ररी बांधली, तीही याच अडचणीतून. पडद्यावर आधी काय आहे ते लक्षात ठेवायचं आणि जेवढं बदललं तेवढंच तारेवरून पाठवायचं. पीएफसेन्ससारखी नवी यंत्रं ११५२०० च्या वेगानं बोलतात, तिथे तोच पडदा सेकंदाच्या सहाव्या हिश्शात येतो. हा हिशोब एकदा केला की दोन सेकंद गप्प राहिलेल्या स्विचला ‘हँग झाला’ म्हणून कुणी बंद-चालू करत नाही.

आता दुखणी. पडद्यावर नुसता कचरा येत असेल तर वेग जुळलेला नाही. प्रोकर्व्ह स्विचला एक-दोनदा एंटर दाबलं की तो तुमचा वेग स्वतः ओळखतो, पण सगळी यंत्रं इतकी समजूतदार नसतात. यंत्राचं बोलणं दिसतंय पण आपण टाइप केलेलं पोहोचत नाही, हे मिनिकॉममध्ये वारंवार होतं. तिथे हार्डवेअर फ्लो कंट्रोल आधीपासून चालू असतं आणि आपल्या केबलमध्ये पाठवायची, घ्यायची आणि ग्राउंडची अशा तीनच तारा असतात. मिनिकॉम परवानगीची वाट बघत बसतो आणि ती कधीच येत नाही. तो पर्याय बंद केला की काम झालं. पडदा एकाएकी गोठला तर कुणाचा तरी हात कंट्रोल-एसवर पडला का बघा. कंट्रोल-क्यूनं बहुधा तो सुटतो.

चौकटीच्या रेघांच्या जागी इंग्रजी क्यूची रांग आणि उभ्या रेघांच्या जागी एक्स दिसायला लागले की नवा माणूस घाबरतो. व्हीटी१०० मध्ये रेघा काढायला अक्षरांचा वेगळा संच होता आणि त्या संचात क्यू म्हणजे आडवी रेघ, एक्स म्हणजे उभी. संच बदलण्याची खूण तुमच्या टर्मिनल प्रोग्रॅमनं मानली नाही एवढंच झालेलं असतं. मेनू धड आहे, कामही नीट होतं, फक्त दिसायला विचित्र. बाण दाबल्यावर कर्सर हलण्याऐवजी चौकोनी कंस आणि इंग्रजी ए उमटतो, तेही त्याच जातीचं: वरचा बाण म्हणजे एस्केप, कंस आणि ए ही तीन अक्षरं, आणि पलीकडच्याला ती बाण म्हणून ओळखता आली नाहीत. बॅकस्पेस चालत नसेल तर पुट्टी १२७ क्रमांकाचं अक्षर पाठवतोय आणि यंत्राला ८ हवंय. सेटिंगमध्ये एक टिचकी मारून ते बदलता येतं. केबलबद्दल इथे जास्त लिहीत नाही, पहिलं प्रकरण सगळं त्यावरच आहे. एवढंच सांगतो की सिस्कोच्या कन्सोल पोर्टाचं तोंड लॅनच्या पोर्टासारखंच असतं, म्हणून त्यात साधी लॅन केबल खुपसून ‘लिंक का येत नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

पुस्तकाच्या मधल्या भागात प्रोकर्व्हचा मेनू मी मुद्दाम सविस्तर घेतला आहे. हे स्विच आपल्याकडच्या कॉलेजांत, कार्यालयांत पुष्कळ आहेत, जुन्या बाजारात स्वस्त मिळतात, आणि त्यांचा मेनू शिकवायला मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. कमांड लाइनवर ‘मेनू’ असं टाइप केलं की मुख्य यादी येते. तिच्याकडे नीट बघा. काही पर्यायांपुढे तीन टिंबं आहेत, काहींपुढे नाहीत. टिंबं असतील तर आत आणखी एक यादी आहे. नसतील तर तो पर्याय थेट पडद्यावर किंवा कृतीवर नेतो. ‘स्विच कॉन्फिगरेशन’पुढे टिंबं आहेत. सहा नंबरच्या ‘रीबूट स्विच’पुढे नाहीत. ही खूण ज्यानं एकदा टिपली त्याचं बोट सहापाशी आपोआप थबकतं.

आत एखादा पडदा उघडला की त्यातली माहिती दिसते पण लगेच बदलता येत नाही. तळाशी चार शब्दांची ओळ असते: कॅन्सल, एडिट, सेव्ह, हेल्प. एडिट घेतलं की कर्सर रकान्यांत शिरतो. तळाची सूचनाही रकान्यागणिक बदलते. स्विचच्या नावापाशी आलात तर किती अक्षरं चालतील तेही ती सांगते. काही रकान्यांत टाइप करायचं असतं, काहींत ठरलेल्या पर्यायांतून निवडायचं असतं, आणि निवड स्पेसबारनं फिरते. आयपी कॉन्फिगच्या रकान्यात डीएचसीपी लिहिलेलं असतं. नवा माणूस तिथे अक्षरं बडवत बसतो. स्पेसबार दाबला की तो मॅन्युअलवर येतो आणि मग खालच्या रकान्यांत पत्ता आणि मास्क भरता येतात. काम झालं की एंटरनं पुन्हा तळाच्या ओळीवर यायचं आणि सेव्ह. मन बदललं तर कॅन्सल, म्हणजे भरलेलं सगळं टाकून दिलं. बघणं, बदलणं आणि पक्कं करणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे इतक्या स्वच्छपणे मी दुसऱ्या कुठल्या पडद्यावर पाहिलेलं नाही.

व्हीलॅनचा तक्ता हा या मेनूचा सर्वांत सुंदर भाग. एका इथरनेट स्विचचे अनेक स्वतंत्र स्विच करण्याची ही युक्ती, ८०२.१क्यू हे तिचं मानक १९९८ चं. प्रत्येक फ्रेमला चार बाइटांची चिठ्ठी जोडायची आणि तिच्यातल्या बारा बिटांत व्हीलॅनचा क्रमांक लिहायचा, १ ते ४०९४. वर्गात फळ्यावर चित्रं काढून हे शिकवताना टॅग्ड आणि अनटॅग्डपाशी मुलं हमखास अडखळतात. प्रोकर्व्हच्या तक्त्यात पोर्ट ओळीनं खाली उतरतात आणि व्हीलॅन आडवे पसरतात. प्रत्येक घरात टॅग्ड, अनटॅग्ड किंवा नो. समजा बारा नंबरचा पोर्ट हिशोब विभागाच्या व्हीलॅनमध्ये न्यायचा आहे. बाराच्या ओळीत मूळ व्हीलॅनखाली अनटॅग्ड दिसतं. तिथे स्पेसबारनं नो करायचं आणि हिशोबाच्या रकान्यात अनटॅग्ड. का? चिठ्ठीशिवाय आलेली फ्रेम कुणाची, याचं उत्तर एकच असू शकतं, म्हणून एका पोर्टाला एकाच व्हीलॅनमध्ये अनटॅग्ड राहता येतं. दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टाच्या ओळीत मात्र टॅग्ड, टॅग्ड, टॅग्ड असं ओळीनं दिसतं, कारण तिथे प्रत्येक फ्रेम आपली चिठ्ठी बरोबर घेऊन जाते. कमांड लाइनवर पोर्ट एका व्हीलॅनला दिला की मूळ व्हीलॅनमधून तो गुपचूप काढला जातो आणि शिकणाऱ्याला काय झालं ते कळत नाही. तक्त्यात दोन्ही घरं त्याला स्वतःच्या हातानं बदलावी लागतात. एकदा तसं केलं की टॅगिंग डोक्यात बसतं.

कधीकधी बदल करून मागे आलात की यादीतल्या एका पर्यायाशेजारी चांदणी उमटलेली दिसते. तिचा अर्थ असा की हा बदल जपून ठेवला आहे, पण स्विच पुन्हा सुरू झाल्याशिवाय लागू होणार नाही. इतकी बारीक खूण, पण ती न बघता माणसं तोच बदल परत परत करत राहतात.

यातून सेव्हचा प्रश्न येतो आणि तो आपल्याकडे जिव्हाळ्याचा आहे, कारण आपल्याकडे वीज जाते. यंत्रात चालू असलेली मांडणी एक आणि वीज परत आल्यावर यंत्र जी वाचून घेतं ती मांडणी वेगळी. प्रोकर्व्हच्या मेनूतलं सेव्ह बहुतेक बदल दोन्हीकडे एकदम नेतं. त्याच स्विचच्या कमांड लाइनवर मात्र बदल लगेच लागू होतो, पण ‘राइट मेमरी’ म्हटल्याशिवाय जपला जात नाही. लिनक्सच्या एनएमटीयूआय या नेटवर्कच्या मेनूत नेमकं उलट: कनेक्शन संपादित करून ओके केलंत की ते फाइलीत जाऊन बसतं, पण चालू जोडणी जुन्याच पत्त्यावर राहते, ती बंद करून पुन्हा चालू करावी लागते. लॅन्ट्रॉनिक्सच्या मेनूत नऊ म्हणजे जपून बाहेर आणि डबा पुन्हा सुरू, आठ म्हणजे न जपता बाहेर, आणि त्यांच्या शेजारचा सात मूळ मांडणीवर नेणारा. तिन्ही कळा एकमेकींना लागून. तेव्हा सेव्ह झालं का, एवढंच विचारून भागत नाही. कुठे जपलं आणि लागू झालं का, हे दोन्ही बघावं लागतं. खात्री करायची सर्वांत सोपी रीत म्हणजे कार्यालय सुटल्यावर, परवानगी घेऊन, यंत्र एकदा बंद-चालू करून पाहणं. रात्री तीनला वीज गेल्यावर जे कळणार, ते संध्याकाळी सहालाच कळलेलं बरं.

मेनूच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर हे पुस्तक म्हणजे जुन्या गोष्टींचं कौतुक ठरेल. पन्नास स्विचवर एकच बदल करायचा असेल तर मेनू हे त्याचं साधन नव्हे. तिथे मजकुराची फाइल आणि स्क्रिप्ट लागते. कुणी, कधी, काय बदललं याची नोंद मेनू ठेवत नाही. दोन मांडण्या शेजारी ठेवून फरक काढता येत नाही. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट १९०० या जुन्या स्विचवर सुरुवातीलाच मेनू हवा की कमांड लाइन असं विचारलं जायचं. पुढे त्यांच्या स्विचवर कमांड लाइनचंच राज्य आलं, आणि मोठ्या नेटवर्कसाठी ते बरोबरच होतं. मेनू टिकला तो छोट्या डब्यांत, फायरवॉलच्या कन्सोलवर आणि सर्व्हरमध्ये, म्हणजे जिथे एक माणूस एका यंत्रासमोर उभा असतो तिथे. तालुक्याच्या गावी एकट्यानं काम करणाऱ्या तंत्रज्ञाचं निम्मं आयुष्य नेमकं तिथेच जातं.

सुरक्षेचं प्रकरण शेवटी आहे, पण ते आधी वाचलंत तरी चालेल. टेलनेटचं मानक १९८३ चं. त्यावरून पासवर्ड उघडा जातो. त्याच कारणानं हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात टाटू इलोनेन यांनी १९९५ साली एसएसएच लिहिलं. जिथे एसएसएच मिळतं तिथे टेलनेट बंद करायचं, यात चर्चेला जागा नाही. कन्सोलवर मात्र यातलं काहीच आड येत नाही. पीएफसेन्सचा कन्सोल मेनू मुळात पासवर्ड विचारत नाही आणि त्यातला एक पर्याय तर वेबचा पासवर्डच मूळ पदावर आणतो. जुन्या प्रोकर्व्हच्या तोंडावर क्लिअरचं बटण असतं; ते दाबलं की पासवर्ड गेले. ही पळवाट मुद्दाम ठेवलेली असते, अडकलेल्या मालकाला आत येता यावं म्हणून. पण त्यामुळे जो यंत्राला हात लावू शकतो तो त्याचा मालक होतो. जिन्याखाली, पॅसेजमध्ये, पाण्याच्या पिंपाशेजारी उघडे लावलेले रॅक मी सतत बघतो आणि मला त्याची खरोखर चिंता वाटते. फायरवॉलवर लाखो रुपये खर्च करणाऱ्या संस्थेनं रॅकला कुलूप लावावं, ही अपेक्षा जास्त नाही.

पुस्तक वापरायची रीत अशी. प्रत्येक प्रकरणात एक पडदा दिला आहे. तो समोर आला की कळफलकाला हात लावायचा नाही. सगळे रकाने वाचायचे, सध्याचे आकडे वहीत उतरवायचे. हीच वही पुढे काही बिघडलं तर परत यायला उपयोगी पडते, आणि अशा वहीला माझा विरोध नाही. मग जो बदल करायचा त्याचा परिणाम काय होईल ते आधी लिहायचं: कुठलं पिंग थांबेल, कुठलं सुरू होईल, आपलीच जोडणी तुटेल का. त्यानंतर एंटर. लिहिलेलं आणि घडलेलं जुळलं नाही तर पुढचं प्रकरण घ्यायचं नाही. वर्गात ही पद्धत सुरुवातीला रटाळ वाटते, मुलं चुळबुळ करतात. नंतर अनोळखी डबा समोर ठेवला की तीच मुलं बिनघोर वाचायला लागतात, आणि मास्कच्या ओळीशी आपणहून थांबतात.

सामान फार लागत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत यूएसबी-सिरीयल केबल मिळते. आतली चिप कोणती ते विचारून घ्या, कारण प्रोलिफिकच्या नकली चिपांना विंडोजचे नवे ड्रायव्हर दाद देत नाहीत. एखादा जुना मॅनेज्ड स्विच मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये पीएफसेन्स आणि एक लिनक्स चालवा. अर्ध्याहून जास्त धडे तेवढ्यावर होतात. लिनक्सवरून सिरीयल वापरणार असाल तर आपलं नाव डायलआउट गटात आहे का ते आजच बघून ठेवा, नाहीतर पहिल्याच धड्याला परवानगी नाकारल्याचा संदेश येईल. विंडोजवाल्यांनी केबल लावून डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉमचा क्रमांक शोधावा. पहिलं प्रकरण त्या क्रमांकापासून सुरू होतं.